वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतील राजकीय हिंसाचाराच्या बळींची नोंद कशी करावी

वर्णद्वेषी काळातील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाने डिसेंबर १९९७ मध्ये पीडितांची निवेदने स्वीकारणे थांबवले, तेव्हा त्याच्याकडे २१ हजारांहून अधिक निवेदने जमली होती. अहवालाचे पहिले पाच खंड २९ ऑक्टोबर १९९८ रोजी नेल्सन मंडेला यांना सादर झाले आणि उरलेले दोन २००३ मध्ये आले. त्यांतला सातवा खंड म्हणजे आयोगाने पीडित ठरवलेल्या माणसांची वर्णानुक्रमे यादी असून प्रत्येक नावापुढे दोन-तीन ओळींत हकिकत दिली आहे. सरकारने ही यादी बंद मानली आणि ३० हजार रँडची एकरकमी भरपाई यादीत नाव असणाऱ्यांपुरतीच ठेवली. ज्या वस्तीत निवेदन घेणारा पोचला नाही, जे भीतीने पुढे आले नाहीत किंवा ज्यांना मुदतच कळली नाही, ते सगळे बाहेर राहिले. त्यामुळे नोंदी करण्याचे काम अजून संपलेले नाही, आणि गेल्या काही वर्षांत जुन्या मृत्यूंच्या चौकश्या न्यायालयात नव्याने उभ्या राहू लागल्यापासून त्याला निकड आली आहे.

पुढील मांडणी या कागदपत्रांवर काम करू पाहणाऱ्या अभ्यासकांसाठी, पत्रकारांसाठी आणि कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्यांसाठी आहे. तिच्यामागे एकच आग्रह आहे. कोणी काय सांगितले, काय घडले असावे आणि कोणत्या अधिकाऱ्याने काय ठरवले, या तीन गोष्टी नोंदीत पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत वेगळ्या ठेवाव्यात. वर्णद्वेषी राजवटीच्या बहुतेक खोट्या नोंदी या तीन गोष्टी एकत्र कालवूनच तयार झाल्या होत्या.

१. आधी हद्द आखा

आयोगाच्या १९९५ च्या कायद्याने काळ ठरवून दिला होता: १ मार्च १९६० ते १० मे १९९४. कृत्येही चारच धरली होती, ती म्हणजे हत्या, अपहरण, छळ आणि गंभीर स्वरूपाची गैरवागणूक, आणि या कृत्यांमागे राजकीय हेतू असणे आवश्यक होते. त्यामुळे काळ्या लोकांना सतत परवाना बाळगायला लावणाऱ्या पासच्या कायद्याखाली रोज पकडली जाणारी माणसे किंवा केप टाऊनमधील डिस्ट्रिक्ट सिक्ससारख्या वस्त्यांतून उठवलेली कुटुंबे या व्याख्येत बसली नाहीत. आपली व्याख्या याहून रुंद ठेवायला हरकत नाही, पण ती कामाच्या आरंभी लिहून ठेवावी आणि पुढे बदलली तर बदलाची तारीख टाकावी. हद्द न लिहिता सुरू केलेली यादी दोन वर्षांनी ती करणाऱ्यालाही उलगडत नाही.

हद्द भूगोलाचीही असते. १९७६ नंतर ट्रान्सकाय, बोफुथात्स्वाना, वेंडा आणि सिस्काय या काळ्या लोकांसाठी राखलेल्या प्रदेशांना 'स्वतंत्र' म्हणून वेगळे काढले गेले आणि तिथले पोलीस, तुरुंग व न्यायालये यांची दप्तरे वेगळी झाली. याशिवाय लष्कराने सीमा ओलांडून माणसे मारली. ९ डिसेंबर १९८२ रोजी लेसोथोची राजधानी मासेरू येथे ४२ जण मारले गेले आणि त्यांत लेसोथोचे सामान्य नागरिकही होते. अशा बळींना दक्षिण आफ्रिकेच्या मृत्युनोंदणीत शोधणे व्यर्थ आहे.

आणखी एक गोष्ट इथेच निकालात काढावी. बळी कोणत्या बाजूचा होता यावरून नोंद गाळू नये. अंगोलातील क्वात्रो छावणीत राजवटीविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने आपल्याच माणसांचा केलेला छळ, प्रिटोरियातील चर्च स्ट्रीटवर २० मे १९८३ रोजी झालेला स्फोट, खबऱ्या असल्याच्या संशयावरून गळ्यात पेटते टायर घालून मारलेली माणसे, हे सर्व त्याच नोंदवहीत यायला हवे. राजवटीचा गुन्हा फार मोठा होता, आणि तो दाखवण्यासाठी इतर नावे लपवण्याची गरज पडत नाही.

२. नोंदीचे पाच भाग

नवशिके बहुधा एका ओळीत एक माणूस असा तक्ता करतात: नाव, तारीख, गाव, मृत्यूचे कारण. शंभरेक ओळी झाल्या की हा तक्ता मोडतो, कारण एकाच माणसाला तीनदा अटक होते, दोनदा छळ होतो, शेवटी गोळी लागते, आणि याबद्दल सांगणारे चौघे असतात. आयोगाच्या माहितीसाठ्याची रचना करताना आणि हुरिडॉक्स या मानवी हक्क दस्तऐवजांच्या संस्थेने घडवलेल्या नमुन्यांत 'कोणी, कोणाला, काय केले' हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवला गेला, तो या अडचणीतूनच.

त्यासाठी पाच वेगळे तक्ते करावेत आणि क्रमांकांनी एकमेकांना जोडावेत. पहिला तक्ता व्यक्तींचा. दुसरा घटनांचा, म्हणजे अमुक दिवशी अमुक ठिकाणी झालेला गोळीबार किंवा धरपकड. तिसरा कृत्यांचा, आणि हाच सगळ्यांत महत्त्वाचा: एका व्यक्तीवर एका घटनेत झालेले एक कृत्य, एक ओळ. चौथा करणाऱ्यांचा, ज्यात नाव माहीत नसेल तर पथक, गणवेश, वाहन, हुद्दा यांपैकी जे कळले असेल ते. पाचवा सांगणाऱ्यांचा व साधनांचा, म्हणजे साक्षीदार, फाईल, बातमी, छायाचित्र. व्यक्तींचा तक्ता एकच ठेवावा आणि बळी, साक्षीदार, आरोपी या भूमिका जोडणीतून दाखवाव्यात, कारण या इतिहासात एकच माणूस तिन्ही भूमिकांत भेटू शकतो.

साध्या स्प्रेडशीटमध्येही हे जमते. हुरिडॉक्सची उवाझी ही मुक्त प्रणाली वापरता आली तर उत्तम, पण आकृती कागदावर न उमटता सॉफ्टवेअर उघडू नये.

३. माणसांकडे जाण्याआधी कागद

घरच्या माणसांपुढे बसण्याआधी सार्वजनिक कागद वाचून झालेले असावेत. आईला मुलाच्या अटकेची तारीख विचारून तिची तारांबळ करायची आणि ती तारीख वर्तमानपत्रात छापलेली होती हे नंतर कळायचे, असा प्रसंग येऊ देऊ नये.

कोणता कागद मिळेल हे त्या वेळी लागू असलेल्या कायद्यावरून ओळखता येते. १९६३ च्या कायद्याने ९० दिवस आणि १९६५ च्या कायद्याने १८० दिवस आरोपाविना डांबता येई. १९६७ च्या दहशतवादविरोधी कायद्याच्या सहाव्या कलमाने तर मुदतच उरली नाही. या कैद्यांना न्यायालयापुढे आणत नसत, वकील भेटू देत नसत, म्हणून न्यायालयाची फाईल तयारच होत नसे. अशा वेळी वकिलांची खासगी कार्यालयीन कागदपत्रे, ब्लॅक सॅश या स्त्रियांच्या संघटनेची दप्तरे आणि संसदेतील प्रश्नोत्तरे हाती घ्यावी लागतात. विरोधी खासदार हेलन सुझमन यांनी विचारलेल्या प्रश्नांना मंत्र्यांनी दिलेली आकडेवारी आजही उपयोगी पडते, कारण ती सरकारच्याच तोंडून आलेली आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९८८ मध्ये बंदी आलेल्या डिटेनीज पेरेंट्स सपोर्ट कमिटीने स्थानबद्धांच्या याद्या चिकाटीने ठेवल्या. त्या विट्स विद्यापीठाच्या हिस्टॉरिकल पेपर्स विभागात पाहता येतात.

मृत्यू कोठडीत झाला असेल तर इन्क्वेस्टची, म्हणजे मॅजिस्ट्रेटपुढच्या मृत्यूचौकशीची फाईल प्रथम मागावी. ती न्याय खात्याच्या दप्तरात जात असे, सुरक्षा पोलिसांच्या कपाटात नसे. निकाल बहुधा 'कोणीही जबाबदार नाही' असाच असतो, पण फाईलमधला शवचिकित्सेचा अहवाल, नकाशे आणि उलटतपासणी यांचे मोल निकालापेक्षा कितीतरी जास्त आहे.

वैद्यकीय नोंदींकडे फार थोडे लोक वळतात. पोर्ट एलिझाबेथच्या तरुण सरकारी डॉक्टर वेंडी ऑर यांनी १९८५ मध्ये तुरुंगात तपासलेल्या स्थानबद्धांच्या जखमांची नोंद ठेवली आणि तिच्या बळावर पोलिसांना मारहाणीपासून रोखणारा न्यायालयीन मनाई हुकूम मिळवला. एका कैद्याच्या पाठीवरचा वळ झटापटीत उमटल्याचे सांगता येते. एकामागून एक कैद्याच्या अंगावर त्याच प्रकारचे वळ त्याच चौकीत गेल्यावर उमटत असतील तर ती कार्यपद्धती ठरते. म्हणून रुग्णालयाच्या व तुरुंगाच्या नोंदवहीतून एकच नाव उचलू नये, आगेमागे पाने पाहून सारखेपणा टिपावा.

वर्तमानपत्रे वाचताना सेन्सॉरशिपचे भान ठेवावे. ज्यांच्या वावरण्या-बोलण्यावर सरकारने वैयक्तिक बंदी घातली होती त्यांचे शब्द छापणे गुन्हा होता. कोठडीत मरण पावलेले पहिले स्थानबद्ध लुकस्मार्ट न्गुडले यांच्यावर बंदी असल्याचे सांगून, १९६३ मधील त्यांच्या मृत्यूच्या चौकशीत त्यांचेच शब्द उद्धृत करायला अटकाव केला गेला. जून १९८६ च्या देशव्यापी आणीबाणीत वीकली मेल या साप्ताहिकाने काही ओळींवर काळे पट्टे मारून अंक काढला होता. असा पट्टा दिसला तर त्याचीही नोंद करावी, कारण त्या दिवशी छापता न येण्यासारखे काहीतरी घडले होते एवढे तो निश्चित सांगतो.

नष्ट झालेल्या कागदांविषयीही लिहायला हवे. १९९३ मध्ये राष्ट्रीय गुप्तचर सेवेच्या एकट्या मुख्यालयातून सुमारे ४४ टन कागद आणि मायक्रोफिल्म बाहेर काढून नष्ट केली गेली. त्यासाठी प्रिटोरियातील इस्कॉर पोलाद कारखान्याच्या भट्ट्यासुद्धा वापरल्या. तरीही एकाच संदेशाच्या प्रती अनेक कार्यालयांत जात असल्यामुळे सगळे जळाले असे गृहीत धरून शोध सोडू नये. क्रॅडॉक येथील मॅथ्यू गोनीवे, फोर्ट कलाता, स्पॅरो म्खोन्तो आणि सिसेलो म्हलाउली यांना २७ जून १९८५ रोजी मारले गेले. पहिल्या चौकशीने मारेकरी अज्ञात असल्याचे सांगून प्रकरण मिटवले. पुढे ७ जून १९८५ चा एक लष्करी संदेश न्यू नेशन या पत्राने १९९२ मध्ये उजेडात आणला. त्यात गोनीवे व इतरांना समाजातून 'कायमचे दूर करण्याची' शिफारस होती, आणि या एका कागदामुळे दुसरी चौकशी उभी राहिली.

अहवालाखेरीज आयोगाच्या जाहीर सुनावण्यांचे आणि राजकीय गुन्ह्यांची पूर्ण कबुली देऊन शिक्षेतून माफी मागणाऱ्यांच्या अर्जांवरील सुनावण्यांचे शब्दशः वृत्तान्त खुले आहेत. निवेदन देणाऱ्यांपैकी जेमतेम एक दशांश जणांना जाहीर सुनावणी मिळाली, त्यामुळे नाव तिथे नसेल तर निराश होऊ नये. उलट माफी मागणाऱ्या पोलिसांच्या जबान्या अवश्य चाळाव्यात, कारण कुटुंबाला जे कधीच दिसले नाही ते तिथे असते. अप्रसिद्ध फायलींसाठी २००० च्या माहिती मिळवण्याच्या कायद्याखाली अर्ज करता येतो आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. आपल्याकडील माहिती अधिकाराचा अनुभव असणाऱ्यांना तिथली टोलवाटोलवी फारशी अपरिचित वाटणार नाही. अर्ज मोघम नसावा. पोलीस ठाणे, वर्ष आणि फाईलचा प्रकार लिहिला तर नकार देणाऱ्याला निदान कारण शोधावे लागते.

४. निवेदन घेताना

संमती दोनदा घ्यावी, बोलणे सुरू होण्याआधी आणि संपल्यावर. सुरुवातीला माणसाला आपण काय काय बोलून बसणार आहोत हे माहीत नसते. निवेदन कुठे राहील, कोण वाचील, नाव छापायचे की नाही, भरपाई मिळवून देणे आपल्या हातात नाही, हे सगळे साध्या भाषेत आधी सांगावे. शेवटचा मुद्दा कठीण जातो, पण तो टाळला की विश्वासघात होतो.

बोलणाऱ्याला त्याच्या मातृभाषेत बोलू द्यावे आणि मूळ ध्वनिमुद्रण अनुवादासोबत ठेवावे. पहिला अर्धा तास एकही प्रश्न न विचारता कथन ऐकावे, त्यानंतर तक्त्यातल्या रिकाम्या जागा भराव्यात. आयोगाचा निवेदन-अर्ज पुढे पुढे आटोपशीर आणि ठोकळेबाज होत गेला. त्यामुळे मोजणी सोपी झाली, पण सांगणाऱ्याची गोष्ट आक्रसली, ही त्यावरची टीका मला रास्त वाटते.

स्त्रियांच्या बाबतीत विशेष सावध असावे. आयोगापुढे आलेल्या अनेक स्त्रिया नवऱ्याबद्दल, मुलाबद्दल बोलल्या आणि स्वतःबद्दल गप्प राहिल्या. हे लक्षात आल्यावर स्त्रियांसाठी स्वतंत्र सुनावण्या घेतल्या गेल्या. तेव्हा मुलाची हकिकत नोंदवून झाली की थोडे थांबून, शक्यतो स्त्री कार्यकर्तीने, "आणि त्या दिवसांत तुमच्यावर काय गुदरले?" एवढे विचारावे. उत्तर आले नाही तर पुन्हा विचारू नये.

५. नावे, तारखा, ठिकाणे

सर्वाधिक चुका नावांत होतात. एकाच माणसाला घरचे नाव, शाळेत दिलेले इंग्रजी नाव, कुळाचे नाव आणि भूमिगत किंवा परदेशात असताना घेतलेले टोपणनाव असू शकते. १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील विद्यार्थ्यांच्या निदर्शनांत गोळी लागून मरण पावलेला हेक्टर पीटरसन हा सॅम न्झिमा यांच्या छायाचित्रामुळे जगभर ओळखला जातो. त्या कुटुंबाचे मूळ आडनाव पित्सो होते आणि 'कलर्ड', म्हणजे मिश्रवंशीय, वर्गात गणले जावे म्हणून त्यांनी पीटरसन हे नाव घेतले होते. म्हणजे वंशानुसार माणसांचे वर्गीकरण करणारा १९५० चा कायदा आडनावांतही शिरला होता. व्यक्तींच्या तक्त्यात नावांसाठी एकच रकाना ठेवला तर हा इतिहास पुसला जातो. प्रत्येक नाव, त्याचे प्रत्येक लेखन आणि ते कोणत्या कागदावर आढळले, हे वेगवेगळ्या ओळींत लिहावे आणि एकही लेखन 'दुरुस्त' करू नये.

इथे मराठी वाचकाला एक छोटा फायदा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी व आसपासच्या भागांतून कोकणी मुस्लीम कुटुंबे केप टाऊनला गेली आणि अनेक जण डिस्ट्रिक्ट सिक्स व परिसरात राहिले. त्यांच्यातले 'परकर' हे आडनाव तिथल्या कागदांत 'पार्कर' असे इंग्रजी थाटाचे होऊन बसलेले दिसते. सरकारी वर्गीकरणात अशी माणसे कधी 'इंडियन' तर कधी 'मलाय' ठरली. एकाच घरातले दोन भाऊ दोन वर्गांत आढळले तर ती लेखनिकाची चूक असेलच असे मानू नये.

तारखेसोबत तिची अचूकताही लिहावी: नेमका दिवस, महिना, वर्ष, की 'ख्रिसमसच्या आधी', 'शाळा जाळली त्या आठवड्यात'. अशी सापेक्ष खूण बोलणाऱ्याच्या शब्दांत राहू द्यावी आणि आपण लावलेली तारीख शेजारच्या रकान्यात घालावी. ठिकाणांची नावे बदलली आहेत. पोर्ट एलिझाबेथ आता ग्केबेर्हा आहे, ग्रॅहम्सटाउन मखांडा झाले, आणि जोहान्सबर्गच्या जॉन व्होर्स्टर स्क्वेअर पोलीस ठाण्याचे नाव १९९७ मध्ये बदलले. नोंदीत घटनेच्या वेळचे नाव मुख्य ठेवून आजचे नाव जोडावे.

६. ताळा घेणे

आता साधने एकमेकांसमोर ठेवायची. हे काम कसे चालते ते अहमद तिमोल यांच्या नोंदीवरून पाहू, कारण त्यांच्याइतके तपशील फार थोड्या बळींबद्दल उपलब्ध आहेत.

व्यक्ती: अहमद तिमोल, जन्म ३ नोव्हेंबर १९४१, ब्रेटन, ट्रान्सवाल. रूडपोर्ट येथे शिक्षक, कम्युनिस्ट पक्षाचे भूमिगत कार्यकर्ते. पहिले कृत्य: अटक, २२ ऑक्टोबर १९७१ च्या रात्री जोहान्सबर्गमध्ये रस्त्यावरच्या नाक्यावर, सोबत सलीम इसॉप. दुसरे कृत्य: कोठडीतील छळ. तिसरे कृत्य: मृत्यू, २७ ऑक्टोबर १९७१, जॉन व्होर्स्टर स्क्वेअर, दहावा मजला. ही तीन कृत्ये तीन ओळींत आली पाहिजेत. 'अटकेनंतर छळात मृत्यू' असे एकत्र लिहिले की पुरावा कशाचा कुठे लागतो ते कळेनासे होते.

त्यानंतर निवेदने. सुरक्षा पोलिसांनी सांगितले की १०२६ क्रमांकाच्या खोलीच्या खिडकीतून दुपारी तिमोल यांनी स्वतः उडी घेतली. आई हवा तिमोल यांनी १९९६ मध्ये आयोगापुढे मुलाच्या मृत्यूची दाद मागितली. इसॉप यांनी २०१७ च्या चौकशीत स्वतःचा छळ सांगितला आणि डोक्यावर कापड ओढलेल्या एका माणसाला नेताना पाहिल्याचे व तो अहमद असावा असे वाटल्याचे सांगितले. पडताना पाहिलेल्या साक्षीदाराने दिलेली वेळ सकाळची होती. शवचिकित्सेत पडण्याच्या आधीच्या जखमा नोंदलेल्या होत्या.

इसॉप यांच्या वाक्याचे दोन तुकडे करायचे: 'माणूस नेताना पाहिला' हे पाहणे, 'तो अहमद होता' हे अनुमान. दोन्ही मोलाचे आहेत, पण दोन रकान्यांत. पोलिसांचे निवेदनही खोडून टाकायचे नाही, तेही जसेच्या तसे त्यांच्या नावावर राहील. वेळेतला फरक हा या नोंदीतला सर्वांत बोलका भाग आहे, आणि नोंद करणाऱ्याने 'सकाळ की दुपार, अनिश्चित' असे लिहून तो गुळगुळीत केला असता तर तो हातचा गेला असता.

शेवटी निष्कर्ष. १९७२ मध्ये मॅजिस्ट्रेटने आत्महत्या ठरवली. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यायमूर्ती बिली मॉथले यांनी तिमोल यांना खिडकीतून किंवा छतावरून ढकलले गेले, म्हणजे तो खून होता, असा निर्णय दिला. खोलीत हजर असल्याचे सांगणारे माजी पोलीस कर्मचारी जोआओ रॉड्रिग्ज यांच्यावर २०१८ मध्ये खुनाचा आरोप ठेवला गेला, पण खटला उभा राहण्याआधीच २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. निष्कर्षाच्या रकान्यात दोन्ही निर्णय तारीखवार राहतात, दुसऱ्याने पहिला झाकला जात नाही.

प्रत्येक कृत्याला विश्वासार्हतेची श्रेणी द्यावी, आणि तिच्या पायऱ्या चारांहून जास्त नसाव्यात: एकाच सांगणाऱ्याचे, परस्परांशी संबंध नसलेल्या दोन साधनांनी दुजोरा दिलेले, कागदपत्राने सिद्ध, न्यायिक निर्णयाने ठरलेले. एकाच वृत्तसंस्थेची बातमी पाच पत्रांत छापून आली तर ते एकच साधन धरावे. सर्वांत वरची श्रेणी न्यायिक निर्णयाला देण्याचा मोह होतो, मात्र १९७२ चा निर्णयही न्यायिकच होता. म्हणून चौथी पायरी ही बाकी तिन्हींच्या वर समजू नये, ती वेगळ्या जातीची माहिती आहे.

७. बेपत्ता आणि अज्ञात कबरी

मृतदेह न मिळालेल्यांची नोंद वेगळी चालते. इथे 'शेवटचे कोणी, कुठे, कोणाबरोबर पाहिले' हा मुख्य रकाना होतो. नोकुथुला सिमेलाने यांना सप्टेंबर १९८३ मध्ये जोहान्सबर्गच्या कार्लटन सेंटरमधून पळवून नेले गेले आणि त्यांचे अवशेष अजून सापडलेले नाहीत. अशा नोंदीत मृत्यूची तारीख आपण होऊन भरू नये, घरच्यांनी ती मानली असेल तर तसे लिहावे.

२००५ पासून राष्ट्रीय अभियोग प्राधिकरणातील बेपत्ता व्यक्तींचे पथक स्मशानांच्या नोंदवह्या, शवागारांची रजिस्टरे आणि पोलिसांचे कागद जुळवून कबरी शोधत आले आहे. त्यात अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञांची मोठी मदत झाली. प्रिटोरियाच्या तुरुंगात फाशी दिलेल्या राजकीय कैद्यांचे देह कुटुंबांना न देता बेवारस म्हणून पुरले जात, आणि २०१६ मध्ये त्यांच्या उत्खननाचा स्वतंत्र प्रकल्प सुरू झाला. आपल्याला एवढेच करायचे असते की शारीरिक ओळखीच्या खुणा, जुनी मोडलेली हाडे, दातांची कामे, उंची, शेवटचे कपडे, आणि डीएनए देऊ शकणाऱ्या नातेवाइकांची साखळी नीट लिहून ठेवायची. स्वतः खणायला जाऊ नये, इतरांनाही उद्युक्त करू नये. विस्कटलेली कबर पुरावा म्हणून बाद होते.

८. मोजणी

एकाच बळीबद्दल तिघांनी निवेदन दिले की यादीत तीन माणसे तयार होतात. नाव, वय, गाव, तारीख यांपैकी तीन गोष्टी जुळल्या तर दोन नोंदींना 'बहुधा एकच' अशी खूण करावी आणि दुसऱ्या व्यक्तीने तपासल्यावरच त्या जोडाव्यात. जोडल्यावरही मूळ दोन्ही राखून ठेवाव्यात, म्हणजे चूक झाली असेल तर उलगडता येते.

अधिकृत आकड्याला पवित्र मानू नये. शार्पव्हिल येथे पोलिसांनी निदर्शकांवर २१ मार्च १९६० रोजी केलेल्या गोळीबारात ६९ मृत हा आकडा साठ वर्षे सर्वत्र छापला गेला. अलीकडच्या दप्तर-संशोधनात मृतांची संख्या किमान ९१ पर्यंत गेली आहे. 'किमान' हा शब्द आपल्या प्रत्येक बेरजेपुढे लिहावा.

९. जतन आणि गोपनीयता

कागद स्कॅन करताना मागची बाजू, शिक्के आणि कोरी पानेही घ्यावीत. छायाचित्रे जास्त रिझोल्यूशनने, टिफ स्वरूपात. फाईलच्या नावात व्यक्तीचे नाव घालू नये, क्रमांक घालावा, म्हणजे संगणक चोरीला गेला तरी फोल्डर उघडताच साक्षीदार उघडे पडत नाहीत. तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या शहरात असावी. मूळ कागद कुटुंबाकडून नेऊ नयेत. जागेवर स्कॅन करून हातात परत द्यावेत.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा तिथला कायदा जिवंत व्यक्तींना लागू होतो, आणि म्हाताऱ्या साक्षीदारांच्या शेजारी आजही ज्यांच्याविरुद्ध ते बोलले त्यांची घरे असतात. यामुळे प्रसिद्धीची प्रत आणि कामाची प्रत निराळी करावी. आरोपीचे नाव केवळ एका निवेदनात असेल तर प्रसिद्ध प्रतीत हुद्दा व पथक लिहून थांबावे.

१०. नोंद बदलताना

या नोंदी बंद होत नाहीत. केप टाऊनचे इमाम अब्दुल्ला हारून १२३ दिवसांच्या स्थानबद्धतेनंतर २७ सप्टेंबर १९६९ रोजी मरण पावले, तेव्हा पोलिसांनी जिन्यावरून पडल्याचे सांगितले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने छळ हेच कारण मानले. भारतात दंतवैद्यक शिकून डर्बनला परतलेले डॉ. हुसेन हाफेजी १९७७ मध्ये कोठडीत मरण पावले आणि त्यांच्याही 'आत्महत्ये'चा निर्णय २०२३ मध्ये रद्द ठरला. क्रॅडॉकच्या चौघांची तिसरी चौकशी जून २०२५ मध्ये सुरू झाली. आयोगाने सोपवलेले खटले का दडपले गेले हे तपासण्यासाठी न्यायमूर्ती सिसी खाम्पेपे यांचा आयोगही त्याच वर्षी नेमला गेला.

असा निर्णय आला की निष्कर्षाच्या रकान्यात नवी ओळ घालावी, तिच्यासमोर निर्णयाची तारीख, न्यायालय आणि ओळ घालणाऱ्याची आद्याक्षरे लिहावीत, आणि मग त्या घटनेशी जोडलेल्या इतर व्यक्तींच्या नोंदी पुन्हा उघडाव्यात. त्याच खोलीत, त्याच अधिकाऱ्यांच्या हातून, त्याच महिन्यात आणखी कोणाची चौकशी झाली होती का, हे पाहण्यासाठीच करणाऱ्यांचा चौथा तक्ता ठेवलेला असतो. ही बदललेली प्रत कुटुंबाला त्यांच्या भाषेत पाठवावी आणि त्यांनी सुचवलेली दुरुस्ती पुन्हा एक स्वतंत्र निवेदन म्हणून तारखेनिशी दाखल करावी.